केबल तोडण्याआधी घराचा हिशेब मांडा

महिन्याचा पहिला आठवडा उजाडला की केबलवाला दारात उभा राहतो. हल्ली त्याच्या हातावर पैसे ठेवताना बऱ्याच घरांतून एकच प्रश्न ऐकू येतो, "भाऊ, आमच्या घरी केबल पाहतो कोण? पोरं तर मोबाईलमध्येच डोकं घालून बसतात. मग हे पैसे कशाले भरायचे?" घरातला शिकलेला मुलगा लगेच उपाय सांगतो, "बाबा, केबल काढून टाका. टीव्हीच्या मागं एक छोटीशी डबी लावली की सगळं नेटवर दिसते."

मुलाचे म्हणणे खोटे नाही, पण ते अर्धेच खरे आहे. ती डबी, म्हणजे बाजारात जिला स्टिक किंवा अँड्रॉइड बॉक्स म्हणतात ती, एकदा विकत घ्यावी लागते. तिच्यात जे नेट ओतावे लागते, त्याचे पैसे मात्र दरमहा मोजावे लागतात. म्हणून कोणती डबी चांगली, हा प्रश्न दुसरा. आपल्या घरापर्यंत कोणते नेट पोचते आणि वर्षाकाठी घरातून किती पैसा बाहेर जातो, हा प्रश्न पहिला. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दर दहा कोसांवर बदलते. नागपूर-पुण्याच्या नातेवाइकाने जे घेतले, तेच आपण घ्यावे असे नाही.

एका तारेची गोष्ट

मुंबईला दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. आपल्याकडे ते पोचायला पुष्कळ वर्षे गेली. १९८७ मध्ये 'रामायण' मालिका लागली, तेव्हा एका टीव्हीसमोर सारी वस्ती बसत असे. नव्वदच्या दशकात केबलची काळी तार घरोघरी आली आणि १९९५ मध्ये सरकारने केबलसाठी कायदा केला. २०१२ पासून टप्प्याटप्प्याने सेटटॉप बॉक्स सक्तीचा झाला. लहान शहरे आणि खेडी शेवटच्या टप्प्यात होती. त्यांची मुदत ३१ मार्च २०१७ रोजी संपली.

त्यानंतर २०१९ मध्ये 'ट्राय' या सरकारी नियामक संस्थेने नवे दर लागू केले. पहिल्या शंभर वाहिन्यांच्या जोडणीसाठी जास्तीत जास्त १३० रुपये आणि त्यावर कर अशी मर्यादा ठरली. २०२० मध्ये तेवढ्याच पैशांत दोनशे वाहिन्या द्याव्यात असे ठरले. मात्र जुलै २०२४ मध्ये ही १३० रुपयांची मर्यादाच उठवली गेली. आता हा आकार किती घ्यायचा हे केबल आणि डिश कंपन्या ठरवतात, तो जाहीर करणे मात्र त्यांना बंधनकारक आहे. मराठी, हिंदी, खेळ आणि कार्टून अशा पैशांच्या वाहिन्या जोडल्या की बिल वाढत जाते. तेव्हा आपल्या बिलात कोणत्या वाहिन्या आहेत, हे केबलवाल्याकडून आधी लिहून घ्या. पाहत नसलेल्या वाहिन्या बंद केल्या तर केबल न तोडताही पैसे वाचतात.

पाच वर्षांचा हिशेब

आता कागद-पेन्सिल घ्या. समजा, केबलचे दरमहा ३०० रुपये जातात. वर्षाचे झाले ३,६०० आणि पाच वर्षांचे १८,०००.

नेटवरचा टीव्ही पाहू. चांगल्या कंपनीची स्टिक साधारण तीन ते सहा हजारांत येते. आपण चार हजार धरू. घरगुती फायबर नेटचा साधा प्लॅन ४०० रुपयांच्या आसपास असतो. ३९९ रुपयांवर १८ टक्के जीएसटी चढला की ४७१ रुपये होतात. म्हणजे वर्षाला ५,६५२ आणि पाच वर्षांत २८,२६०. त्यात स्टिकचे चार हजार मिळवा. एकूण ३२,२६० रुपये झाले. एखाद्या ॲपचे वर्गणीचे पैसे यात धरलेलेच नाहीत.

डबी लावली की पैसे वाचतात, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. केवळ टीव्हीसाठी नवे नेट घेतले तर ते केबलपेक्षा महाग पडते. ज्या घरात मुलांच्या अभ्यासासाठी किंवा कामासाठी नेट आधीपासून आहे, त्या घरी मात्र स्टिक स्वस्त पडते. तिथे नेटचा खर्च वेगळा धरायचा कारण नाही.

आणखी एक बाजू आहे. एका घरात तीन-चार मोबाईल असतात आणि प्रत्येकाचा २८ दिवसांचा रिचार्ज असतो. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात. घरात वायफाय आले तर दिवसभर घरीच असणाऱ्यांच्या मोबाईलला रोजच्या डेटाची गरज उरत नाही. 'ट्राय'च्या डिसेंबर २०२४ च्या नियमानंतर फक्त बोलणे आणि एसएमएस यांचे वेगळे पॅक जानेवारी २०२५ पासून बाजारात आले आहेत. आजोबांच्या साध्या फोनला ते पुरेत. असे दोन रिचार्ज कमी झाले तर नेटचा बराच खर्च त्यातून निघतो.

छत्रीला कमी लेखू नका

तिसरा मार्ग आपल्या दोन जिल्ह्यांत सर्वांत जास्त उपयोगाचा आहे आणि त्याचीच चर्चा कमी होते. तो म्हणजे दूरदर्शनची 'फ्री डिश'. डिसेंबर २००४ मध्ये ही सेवा 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. छत्री, बॉक्स आणि बसवण्याची मजुरी मिळून साधारण दीड ते अडीच हजार रुपये एकदाच लागतात. त्यानंतर महिन्याला एक रुपयाही नाही. देशात चार कोटींहून अधिक घरांत ती असल्याचा अंदाज आहे.

सह्याद्री वाहिनी, दूरदर्शनच्या इतर वाहिन्या, बातम्या, हिंदी चित्रपट आणि शाळेच्या मुलांसाठीच्या 'पीएम ई-विद्या' शैक्षणिक वाहिन्या तिच्यावर दिसतात. खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो, त्यामुळे त्या बदलत राहतात. आपली आवडती मराठी मालिका फ्री डिशवर असेलच असे नाही, हे आधीच समजून घ्यावे.

क्रिकेट पाहणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. राष्ट्रीय महत्त्वाचे ठरवलेले सामने खासगी कंपनीने दूरदर्शनलाही द्यावेत, असा कायदा २००७ मध्ये झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निकाल दिला की, हे सामने दूरदर्शनने फक्त स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवर दाखवावेत. केबल आणि खासगी डिशला ते पुढे देऊ नयेत. म्हणून असे सामने फ्री डिशवर फुकट दिसतात आणि केबलवर त्यांच्यासाठी खेळाची वाहिनी विकत घ्यावी लागते.

फ्री डिशचा उपग्रह आहे जीसॅट-१५. नोव्हेंबर २०१५ मध्ये तो आकाशात सोडला गेला. तो विषुववृत्तावर, पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंच, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर उभा आहे. चंद्रपूर ७९ अंशांच्या जवळ असल्यामुळे आपल्याकडे छत्री आग्नेय दिशेला, आणि बरीच वर तोंड करून लावावी लागते. घराच्या आग्नेयेला अगदी लागून मोठा मोह, चिंच किंवा सागाचे झाड असेल तर छत्री दुसऱ्या कोपऱ्यावर बसवावी. उन्हाळ्यात सागाची पाने गळतात म्हणून चित्र स्वच्छ दिसते आणि पावसाळ्यात पाने भरली की तेच चित्र फुटू लागते. बसवणाऱ्याला हे आधी दाखवून द्या. नळी पक्की बांधून घ्या, कारण माकडांची टोळी छपरावर आली तर सैल छत्री जागेवर राहत नाही.

गावानुसार निवड

चंद्रपूर शहर, बल्लारपूर, भद्रावती, घुग्घुस, वरोरा या भागांत, तसेच खाणींच्या आणि वीज केंद्राच्या वसाहतींत नेटच्या कंपन्यांची निवड करता येते. अनेक केबलवालेच आता त्याच खांबावरून फायबर नेट देतात. अशा घरांनी स्टिकचा विचार जरूर करावा. मात्र नेट घेण्याआधी शेजारच्या घरी रात्री आठ ते दहाच्या दरम्यान टीव्ही लावून पाहावा. दुपारी सगळेच नेट चांगले चालते. खरी परीक्षा सगळी वस्ती घरी परतल्यावर होते. चांगल्या चित्रासाठी सुमारे ५ एमबीपीएस वेग सतत मिळाला पाहिजे.

मूल, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, वडसा, आरमोरी, चामोर्शी, आलापल्ली अशा गावांत एका गल्लीत नेट उत्तम आणि दुसऱ्या गल्लीत नाही, असे घडू शकते. इथे आधी एका महिन्याचेच नेट घ्यावे. वर्षाचे पैसे एकदम भरण्याचा मोह टाळावा. रस्त्याच्या रुंदीकरणात तार तुटली तर दुरुस्तीला कोण येतो आणि किती दिवसांनी येतो, हेही विचारावे.

एटापल्ली, भामरागड, कोरची, धानोरा, सिरोंचा यांचा आतला भाग आणि जिवतीचा डोंगर यांची गोष्ट निराळी. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपण दर पावसाळ्यात वाचतो. वीज गेली की काही वेळाने मोबाईलचा मनोराही मुका होतो. अशा गावी टीव्ही फक्त नेटवर सोपवणे धोक्याचे. इथे फ्री डिश हाच पाया धरावा आणि नेट मिळेल तेव्हा मिळेल अशी जोड ठेवावी.

कमाईचा हंगामही पाहिला पाहिजे. तेंदूपत्त्याचा पैसा उन्हाळ्यात येतो आणि धानाचा पैसा दिवाळीनंतर येतो. ज्या घरात पैसा असा वर्षातून दोनदा येतो, त्या घराला दरमहाचे बिल जड जाते. हंगामात एकदा खर्च करून वर्षभर चालणारी वस्तू अशा घराला परवडते. कारखान्यात किंवा खाणीत महिन्याच्या महिन्याला पगार मिळणाऱ्या घराचे गणित वेगळे.

मोबाईलच्या डेटावर टीव्ही चालेल का?

चालतो, पण थोडाच वेळ. साध्या चित्राला तासाला पाऊण ते एक जीबी डेटा लागतो आणि एचडी चित्राला दोन ते तीन जीबी. दिवसाला दोन जीबी मिळत असतील तर एचडीमध्ये एक चित्रपटही पुरा होत नाही. मोबाईलचा हॉटस्पॉट टीव्हीला जोडणार असाल तर ॲपमध्ये जाऊन चित्राचा दर्जा मुद्दाम कमी करून ठेवा. बत्तीस इंचांच्या टीव्हीवर दहा फुटांवरून पाहताना फार फरक जाणवत नाही.

घेताना काय पाहावे

सर्वांत आधी टीव्हीच्या मागे पाहा. तिथे एचडीएमआय नावाचे चपटे रुंद भोक असेल तर स्टिक सरळ बसते. जुन्या डब्बा टीव्हीला फक्त लाल, पांढऱ्या आणि पिवळ्या पिनांची भोके असतात. त्याला मधे एक कन्व्हर्टर लावावा लागतो आणि अक्षरे नीट वाचता येत नाहीत. तुमचा टीव्ही मुळातच स्मार्ट असेल तर स्टिकची गरजच नाही. स्मार्ट टीव्ही जुना झाला आणि त्यावरची ॲप चालेनाशी झाली, तर मात्र नवा टीव्ही घेण्यापेक्षा स्टिक घेणे शहाणपणाचे.

जिओ किंवा एअरटेलचे घरगुती नेट घेणार असाल तर काही प्लॅनसोबत त्यांचाच बॉक्स मिळतो. मग वेगळी स्टिक घेऊ नका. बॉक्स आपला होतो की नेट बंद केल्यावर परत द्यावा लागतो, आणि अनामत किती, हे पावतीवर लिहून घ्या.

बाजारात 'सगळे चॅनेल, सगळे पिक्चर जन्मभर फुकट' असे सांगून विकले जाणारे बिननावाचे बॉक्स दूर ठेवा. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने अशा स्वस्त बॉक्सबद्दल जाहीर इशारा दिला. त्यांत आधीपासूनच घातक प्रोग्राम भरलेला आढळतो आणि तुमचे घरचे नेट गुन्हेगारांच्या कामाला जुंपले जाते. ज्या वायफायवर हा बॉक्स, त्याच वायफायवर आपला फोन-पेही चालतो, हे विसरू नका.

वर्गणीतही एक मेख आहे. स्वस्त 'मोबाईल' प्लॅन टीव्हीवर चालत नाहीत. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातले दर उतरवले, तेव्हाही १४९ रुपयांचा मोबाईल प्लॅन फक्त फोन आणि टॅबसाठीच ठेवला. रिचार्जसोबत फुकट मिळणारी ॲपही पुष्कळदा मोबाईलपुरतीच असतात. 'टीव्हीवर दिसेल का?' हा प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी एकदा दिली की वर्गणी चालूच राहते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी संदेश आला पाहिजे. तो संदेश वाचा आणि नको असेल तर तेव्हाच बंद करा.

आपल्याकडचा उन्हाळाही लक्षात घ्या. एप्रिल-मे मध्ये चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो आणि टीव्हीच्या मागे चिकटलेली स्टिक तापून बंद पडू शकते. सोबत येणारी छोटी जोडतार लावून ती मोकळ्या हवेत लोंबती ठेवा. वीज कडाडू लागली की टीव्ही, राउटर आणि छत्रीची तार काढून ठेवा.

घरातल्या माणसांचा विचार

डबी आली की पहिली अडचण आजीची होते. तिला रिमोटवरचा आकडा पाठ असतो. इथे आकडेच नाहीत. "काऊन बाई, सह्याद्री कुठं गेलं?" असे ती सुनेला दहादा विचारते आणि मग टीव्ही पाहणेच सोडून देते. दिवसभर घरात एकटी असणाऱ्या माणसाची सोबत अशी हिरावून घेऊ नये. फ्री डिश आणि स्टिक दोन्ही एकाच टीव्हीला जोडता येतात. आजीसाठी आकड्यांचा रिमोट राहू द्या.

दुसरी काळजी मुलांची. केबलवर कार्यक्रम संपत असे, इथे एक संपताच दुसरा आपोआप सुरू होतो. दहावी-बारावीच्या घरात ही सोय पहिल्या दिवशीच बंद करावी. फेब्रुवारी २०२१ च्या सरकारी नियमांनुसार या ॲपवरच्या प्रत्येक कार्यक्रमाला वयाची खूण असते आणि तेरा वर्षांवरील गटापासून पुढच्या कार्यक्रमांना कुलूप लावण्याची सोय द्यावी लागते. आईने स्वतःच्या हाताने तो चार आकडी पिन घालावा. पिन घालायचे काम मुलावर सोपवले तर कुलपाची किल्ली त्याच्याच खिशात राहील.

नेटमुळे जे मिळते, त्याचीही नोंद घेतली पाहिजे. 'जय भीम' हा चित्रपट २ नोव्हेंबर २०२१ रोजी थेट प्राइम व्हिडिओवर आला. ज्यांच्या घरी फक्त केबल होती, त्यांना तो त्या दिवशी पाहता आला नाही. बाबासाहेबांच्या जीवनावरची मालिका १८ मे २०१९ पासून स्टार प्रवाहवर लागली. तेव्हा पाळीवर असणाऱ्या कामगाराचे भाग बुडाले ते बुडालेच. नेटवर आपल्या वेळेला पाहता येते. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपूरला दीक्षा दिली. दरवर्षी तिथे सोहळा होतो. ज्याला त्या दिवशी रजा मिळत नाही किंवा ज्या म्हाताऱ्या माणसाला गर्दीत जाता येत नाही, त्याला घरबसल्या तो दिसावा, हे नेटचे मोठे देणे आहे. आवाज इंडिया, लॉर्ड बुद्धा यांसारख्या वाहिन्या ज्या घरी नेमाने पाहिल्या जातात, त्यांनी केबल तोडण्याआधी नव्या साधनावर त्या दिसतात की नाही, हे तपासावे. प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यात 'वेव्हज' हे ॲप सुरू केले. दूरदर्शनच्या वाहिन्या आणि जुन्या मालिका त्यावर मिळतात.

घाई न करता

केबल एकदम तोडू नका. आधी महिनाभर वहीत लिहा, घरात कोण काय पाहतो आणि किती वेळ पाहतो. ज्या वाहिन्या महिनाभरात कोणी उघडल्या नाहीत, त्यांचे पैसे आपण उगाच भरत होतो हे त्या वहीतच दिसेल. मग शेजाऱ्याची किंवा नातेवाइकाची स्टिक दोन दिवस आणून आपल्या टीव्हीवर, आपल्या नेटवर चालवून पाहा. जमले तरच विकत घ्या. केबल बंद करताना सेटटॉप बॉक्स परत दिल्याची आणि अनामत मिळाल्याची पावती घ्या. केबलवाल्याशी भांडण करू नका. तो आपल्याच वस्तीतला पोरगा असतो आणि उद्या फायबरची तार जोडायला कदाचित तोच येईल. गावातल्या बातम्या दाखवणारी स्थानिक वाहिनी त्याच्याच तारेवर दिसते, तीही आपण सोडतो आहोत, याचा विचार करावा.

ज्या घरी नेट आहे आणि मुले शिकत आहेत, तिथे फ्री डिश आणि साधी स्टिक ही जोडी बहुतेकांना पुरेल. ज्या घरी नेट नाही किंवा भरवशाचे नाही, तिथे फ्री डिश आणि वाचलेले पैसे पोस्टात. आणि ज्या घरी केबल सगळ्यांना आवडते, पाहिली जाते आणि परवडते, तिथे ती खुशाल राहू द्या. शेजाऱ्याने डबी लावली म्हणून आपणही लावलीच पाहिजे, असा काही नियम नाही.